राष्ट्राध्यक्षांची प्रूफ डॉलर नाणी : पहिल्या खरेदीपासून पावसाळ्यातल्या जपणुकीपर्यंत

अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या एक डॉलर नाण्यांची मालिका नवशिक्याला झेपणारी आहे. नाणी मोजकी आहेत, नेहमीच्या प्रूफमध्ये (संग्राहकांसाठी खास पद्धतीने पाडलेल्या, आरशासारख्या चकचकीत नाण्यांमध्ये) अडून बसावे असे दुर्मीळ नाणे एकही नाही, आणि सुरुवातीच्या वर्षांचे संच आजही टाकसाळीच्या मूळ किमतीच्या आसपास किंवा त्याहून स्वस्त मिळतात. तरीही या मालिकेत लोक पैसे घालवतात. सोन्याचा मुलामा, डबीवरचा ‘७०’ हा सर्वोच्च दर्जाचा आकडा, नाणे चकचकीत करायची हौस आणि जून ते सप्टेंबर कपाटात विसरलेला डबा, ही त्याची ठरलेली कारणे. म्हणून इथे इतिहास गरजेपुरता आहे आणि खरेदी, तपासणी, साठवण यांवर जास्त लिहिले आहे.

मालिकेत नेमके काय येते

डिसेंबर २००५ मध्ये झालेल्या कायद्यानुसार अमेरिकेच्या टाकसाळीने २००७ पासून दरवर्षी चार राष्ट्राध्यक्षांची नाणी काढली. क्रम त्यांच्या कारकिर्दीचा. पहिले, म्हणजे वॉशिंग्टनचे नाणे फेब्रुवारी २००७ मध्ये आले. मृत्यूला किमान दोन वर्षे झाल्याशिवाय कोणाचेही नाणे काढायचे नाही, अशी कायद्यात अट होती. त्यामुळे २०१६ मध्ये तीनच नाणी निघाली: मधले जिमी कार्टर तेव्हा हयात असल्याने वगळले गेले आणि रेगनवर मालिका थांबली. थोरल्या बुश यांचे निधन २०१८ च्या अखेरीस झाले. त्यांच्यासाठी वेगळा कायदा करून २०२० मध्ये नाणे काढले.

ही यादी वहीत उतरवून घ्या आणि खरेदी करताना जवळ ठेवा.

२००७ : वॉशिंग्टन, जॉन अ‍ॅडम्स, जेफरसन, मॅडिसन
२००८ : मन्रो, जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स, जॅक्सन, व्हॅन ब्युरेन
२००९ : विल्यम हेन्री हॅरिसन, टायलर, पोक, टेलर
२०१० : फिलमोर, पिअर्स, ब्युकॅनन, लिंकन
२०११ : अँड्र्यू जॉन्सन, ग्रँट, हेज, गारफिल्ड
२०१२ : आर्थर, क्लीव्हलँड, बेंजामिन हॅरिसन, पुन्हा क्लीव्हलँड
२०१३ : मॅकिन्ली, थिओडोर रूझवेल्ट, टॅफ्ट, विल्सन
२०१४ : हार्डिंग, कूलिज, हूव्हर, फ्रँकलिन रूझवेल्ट
२०१५ : ट्रूमन, आयझेनहॉवर, केनेडी, लिंडन जॉन्सन
२०१६ : निक्सन, फोर्ड, रेगन
२०२० : थोरले बुश

एकूण नाणी ४०, पण माणसे ३९. ग्रोव्हर क्लीव्हलँड दोनदा सलग नसलेल्या काळात पदावर होते, म्हणून त्यांची दोन नाणी आहेत: एकावर २२ वे, १८८५–१८८९ आणि दुसऱ्यावर २४ वे, १८९३–१८९७. चेहऱ्याचे चित्रणही वेगळे आहे. सुटी नाणी जमवणारे बहुतेक इथेच चुकतात. एक क्लीव्हलँड आहे म्हणून दुसरा घेत नाहीत, किंवा तोच दोनदा घेऊन बसतात. दोन अ‍ॅडम्स, दोन हॅरिसन, दोन जॉन्सन, दोन रूझवेल्ट आहेतच. आडनावावर जाऊ नका, नाण्यावरचा क्रमांक वाचा.

नाणे कसे आहे

व्यास २६.५ मिलिमीटर, जाडी २ मिलिमीटर, वजन ८.१ ग्रॅम. आत शुद्ध तांबे आणि दोन्ही बाजूंना मँगनीज मिसळलेल्या पितळेचा थर. सगळे मिळून तांबे ८८.५ टक्के, जस्त ६, मँगनीज ३.५ आणि निकेल २. सोने नाही, चांदी नाही. नाणे चुंबकाला चिकटत नाही. मँगनीज उगाच घातलेले नाही. वस्तू विकणारी यंत्रे नाणे विजेच्या गुणधर्मावरून ओळखतात आणि सुसान अँथनी डॉलर या आधीच्या एक डॉलर नाण्यासाठी बसवलेल्या यंत्रांना नवे सोनेरी नाणेही चालावे, म्हणून हे मिश्रण ठरले. संग्राहकाला त्याचा तोटा असा की ही धातू लवकर काळवंडते. साठवणीचा सगळा खटाटोप त्यापायीच आहे.

दर्शनी बाजूला राष्ट्राध्यक्षाचा चेहरा, नाव, कितवे राष्ट्राध्यक्ष तो क्रमांक आणि कारकिर्दीची वर्षे असतात. मागे डॉन एव्हरहार्ट यांनी रेखाटलेला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, तो सगळ्या नाण्यांवर सारखाच. नाणे पाडल्याचे वर्ष आणि टाकसाळीचे अक्षर मात्र दोन्ही बाजूंना सापडणार नाही, कारण ते कडेवर कोरलेले आहे. २००७ आणि २००८ च्या नाण्यांत ‘इन गॉड वी ट्रस्ट’ हे वाक्यही कडेवरच होते. २००९ पासून ते दर्शनी बाजूला आले आणि कडेवर १३ तारे आले. पाडल्याचे वर्ष कडेवर असल्यामुळे, दर्शनी बाजूला १८४१ दिसले म्हणून ‘१८४१ चे डॉलर नाणे’ अशी जाहिरात करणारे विक्रेते भेटतील. ते विल्यम हेन्री हॅरिसनचे, २००९ मध्ये पाडलेले नाणे असते. हे गृहस्थ जेमतेम महिनाभर पदावर होते, म्हणून नाण्यावर एकच साल आहे.

प्रूफ ओळखायचे कसे

प्रूफ म्हणजे दर्जाची पायरी नव्हे, पाडण्याची वेगळी पद्धत. घासून गुळगुळीत केलेली कोरी चकती, आरशासारखा चकचकीत केलेला साचा आणि एकाच नाण्यावर किमान दोन ठोके. साच्यातला चेहऱ्याचा भाग मुद्दाम खरखरीत ठेवतात, म्हणून नाण्यावर चेहरा दुधी आणि भोवतीचा मोकळा भाग काचेसारखा दिसतो. एकाच दिव्याखाली नाणे हळूहळू कलते करा. एका कोनात मोकळा भाग काळा होतो आणि चेहरा पांढरट उठून येतो. दुसऱ्या कोनात तोच भाग लख्ख सोनेरी होतो. हा बदल नीट दिसला पाहिजे.

या मालिकेची सगळी नेहमीची प्रूफ नाणी सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीत पाडली, म्हणून कडेवर ‘एस’ असते. ‘पी’ म्हणजे फिलाडेल्फिया, ‘डी’ म्हणजे डेन्व्हर. कडेवर ही अक्षरे असतील तर ते व्यवहारासाठीचे किंवा ‘अनसर्क्युलेटेड’ (व्यवहारात न फिरलेल्या, पण प्रूफ नसलेल्या नाण्यांच्या) संचातले नाणे. याला २०१५ चा एक अपवाद आहे, तो पुढे येईल. २०१० पर्यंतच्या अनसर्क्युलेटेड संचांतल्या नाण्यांना मऊ, रेशमी झाक होती आणि फोटोत ती नवख्याला प्रूफसारखी वाटते. फरक मोकळ्या भागात बघा. त्यात तुमच्या बोटाचे स्पष्ट प्रतिबिंब पडत नसेल तर ते प्रूफ नाही.

कडेवरून आणखी एक गोष्ट कळते. व्यवहारातल्या नाण्यांवर कडेची अक्षरे वेगळ्या यंत्रात, नाणे पाडून झाल्यावर उमटवत. नाणी त्या यंत्रात कशीही पडत, म्हणून काहींवर अक्षरे सुलट, काहींवर उलट. काही तर ते यंत्र चुकवून कोऱ्या कडेची बाहेर पडली. २००७ च्या वॉशिंग्टन नाण्यांत अशी बरीच सापडली. प्रूफला मात्र नाणे पाडतानाच तीन तुकड्यांच्या कड्यातून अक्षरे उमटत असल्याने ती एकसारख्या अंतरावर, नीट बसलेली असतात. ‘उलट अक्षरांचे दुर्मीळ नाणे’ म्हणून व्यवहारातल्या नाण्याला जास्त पैसे मागणारे असतात. ते दुर्मीळ नाही, निम्म्याच्या आसपास नाणी तशीच असतात.

पायरी १ : काय जमवायचे ते आधी ठरवा

चार मार्ग आहेत आणि मधेच मार्ग बदलला की नाणी दुहेरी होतात.

पहिला मार्ग, राष्ट्राध्यक्षांचे वार्षिक प्रूफ संच. टाकसाळीने फक्त या नाण्यांचे वेगळे संच विकले. २००७ मध्ये चार नाण्यांच्या संचाची किंमत १४.९५ डॉलर होती. दहा वर्षांचे दहा डबे घेतले की ३९ नाणी झाली. नवशिक्याने डोळे मिटून हाच मार्ग धरावा असे आमचे मत आहे.

दुसरा मार्ग, त्या त्या वर्षाचा संपूर्ण प्रूफ संच, ज्यात या डॉलर नाण्यांबरोबर सेंटपासून अर्ध्या डॉलरपर्यंतची सगळी नाणी येतात. २००७ च्या संचात १४ नाणी आहेत. क्वार्टर (पाव डॉलर) नाण्यांचीही आवड असेल तर हा चांगला. यांचाच ‘सिल्व्हर प्रूफ सेट’ही निघतो आणि इथे फसगत होते. त्यात डाइम (दहा सेंट), क्वार्टर आणि अर्धा डॉलर चांदीचे असतात, राष्ट्राध्यक्षांचे डॉलर तेच पितळी. केवळ डॉलरसाठी चांदीच्या संचाचे पैसे मोजू नका.

तिसरा मार्ग, सुटी नाणी आणून अल्बम भरणे. स्वस्त पडतो आणि बघायला छान. पण अल्बममध्ये नाण्यावरून सरकणारी प्लॅस्टिकची पट्टी असते. ती ओढताना चेहऱ्याच्या सर्वांत उंच भागावर, म्हणजे गालावर आणि केसांवर, बारीक समांतर ओरखडे उठतात. व्यवहारातल्या नाण्यांना ते चालून जाते, प्रूफचा त्यात कचरा होतो. अल्बमच हवा असेल तर नाणे कॅप्सूलसह (कडक पारदर्शक गोल डबीसह) बसेल अशा खाचांचा घ्या.

चौथा मार्ग, दर्जा ठरवून सीलबंद केलेली, म्हणजे ‘स्लॅब’ केलेली नाणी. पीसीजीएस आणि एनजीसी या दोन संस्था १ ते ७० च्या मापावर दर्जा देतात. प्रूफसाठी पहिली ‘पीआर’ लिहिते, दुसरी ‘पीएफ’. चेहरा आणि मोकळा भाग यांतला विरोध ठळक असेल तर पहिली ‘डीप कॅमिओ’, दुसरी ‘अल्ट्रा कॅमिओ’. या काळातली प्रूफ नाणी टाकसाळीतूनच इतकी चांगली निघतात की ६९ हा दर्जा अगदी सर्वसाधारण आहे. ६९ चे स्लॅब बहुतेक वेळा नाणे, डबी आणि तपासणी फी यांच्या एकत्र खर्चापेक्षा स्वस्त विकले जाते. म्हणजे आधीच्या मालकाने तोटा सोसलेला असतो. ६९ आणि ७० मधला फरक नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. ७० साठी काही पट पैसे देणे म्हणजे चिठ्ठी विकत घेणे होय, आणि ती ज्याला हवी त्याने समजून घ्यावी.

बुशच्या नाण्यासाठी मार्ग कोणताही असो, वेगळी सोय करावी लागते. २०२० च्या वार्षिक प्रूफ संचात हे नाणे नाही. सॅन फ्रान्सिस्कोहून ते फक्त ‘रिव्हर्स प्रूफ’ (दुधी आणि आरशाचे भाग उलटे असलेले प्रूफ) रूपात, बुश यांच्या ‘कॉइन अँड क्रॉनिकल्स’ या नाणे, पदक वगैरेंच्या संचात आले. ४० वी जागा प्रूफने भरायची तर हेच घ्यावे लागेल.

पायरी २ : अवजारे

पाच ते दहा पटींचे भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा, व्यास मोजायला डिजिटल व्हर्नियर, एका दिव्याचा टेबल लॅम्प आणि खाली अंथरायला मऊ, धागे न सुटणारे कापड. छतावरची ट्यूबलाइट तपासणीला कुचकामी. तिच्या पसरट उजेडात बारीक ओरखडे लपतात. हातमोजे घ्यायचे तर पावडर नसलेले नायट्राइलचे. सुती मोज्यांतून नाणे निसटते आणि प्रूफ एकदा टेबलावर आपटले की संपलेच.

पायरी ३ : खरेदी

सुरुवात २००७ ते २०११ या वर्षांपासून करा. हे संच मोठ्या संख्येने विकले गेले, त्यामुळे भरपूर उपलब्ध आहेत आणि इथे शिकताना चूक झाली तरी ती स्वस्तात पडते. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकी सरकारने व्यवहारासाठी ही नाणी पाडणे थांबवले, कारण फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या तिजोऱ्यांत एक अब्जाहून जास्त डॉलर नाणी पडून होती. लोकांना कागदी नोटच सोयीची वाटे. काही हुशार मंडळी तर टाकसाळीकडून दर्शनी किमतीत, घरपोच मोफत मिळणारी नाणी क्रेडिट कार्डावर मागवून विमानप्रवासाचे पॉइंट जमवत आणि नाणी थेट बँकेत भरत. २०१२ पासून ही नाणी फक्त संग्राहकांसाठी निघाली. २०१२ च्या प्रूफ संचांची विक्री आधीच्यांपेक्षा बरीच कमी झाली आणि तो संच आजही शेजारच्या वर्षांपेक्षा ठळकपणे महाग आहे. तो शेवटी घ्या. तोवर चांगला-वाईट संच ओळखता येऊ लागतो.

भारतातून मागवताना डाकखर्च हा खरा मुद्दा आहे. सुरुवातीच्या वर्षांच्या एका संचाच्या किमतीपेक्षा अमेरिकेहून तो आणण्याचा खर्च सहज जास्त होतो. म्हणून एकाच विक्रेत्याकडून चार-पाच वर्षांचे संच एकत्र घ्या आणि नाणे, डाक, सीमाशुल्क अशी बेरीज करून मगच भाव ठरवा. अनेक कुरिअर कंपन्या नाणी स्वीकारत नाहीत, ते आधी विचारा. पाकिटावर ‘भेटवस्तू’ किंवा ‘खेळणी’ असे खोटे लिहायला विक्रेत्याला सांगू नका. पाकीट अडकले किंवा गहाळ झाले तर भरपाई मागायला तोंड उरत नाही. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात नातेवाईक असतील तर संच त्यांच्या पत्त्यावर मागवून, त्यांनी येताना हातातल्या सामानातून आणणे उत्तम. क्ष-किरण तपासणीने नाण्याला काही होत नाही. परदेशी नाणी घरात ठेवण्याबद्दल शंका नको. परकीय चलन जवळ बाळगण्याच्या नियमांत विदेशी नाणी कोणालाही, कितीही ठेवण्याची मुभा आहे.

पुण्या-मुंबईच्या नाणेप्रदर्शनांतही हे संच दिसतात. भाव अमेरिकेपेक्षा चढा असतो, पण डाकखर्च नाही आणि नाणे हातात घेऊन बघता येते, हा मोठा फायदा. सुट्या नाण्यांचा ढीग मांडलेला असेल तर प्रत्येकाची कड वाचा. व्यवहारातली नाणी चकचकीत करून त्यांत मिसळलेली असतात.

तीन गोष्टी कोणत्याही भावात घेऊ नयेत. रंगीत चित्र चिकटवलेली किंवा सोन्याचा मुलामा दिलेली नाणी: हे काम टाकसाळीचे नाही, बाहेरचे लोक करतात. संग्राहकांच्या दृष्टीने ते खराब केलेले नाणे असते आणि मुलाम्यातल्या सोन्याची किंमत नगण्य. दुसरे, ‘चांदीचा राष्ट्राध्यक्ष डॉलर’: टाकसाळीने तो काढलेलाच नाही. तिसरे, आकाराने मोठी ‘स्मृती आवृत्ती’: ती खासगी पदके असतात. व्यास २६.५ मिलिमीटरपेक्षा वेगळा आला की पुढे बोलायची गरज नाही.

पायरी ४ : संच हातात आल्यावर

टाकसाळीच्या संचात तीन वस्तू असतात: नाणी बंद केलेली पारदर्शक प्लॅस्टिकची पेटी, जिला संग्राहक ‘लेन्स’ म्हणतात, बाहेरचा पुठ्ठ्याचा डबा आणि प्रमाणपत्र. तिन्ही असले तरच पूर्ण. जाहिरातीत ‘ओजीपी’ लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ टाकसाळीचे मूळ वेष्टन. डबा किंवा प्रमाणपत्र नसलेला संच पुढे विकताना भाव पडतो, त्यामुळे घेतानाही त्या हिशोबानेच घ्या.

परतीची मुदत संपायच्या आत ही तपासणी उरका. आधी लेन्सचे बाहेरचे प्लॅस्टिक मऊ कापडाने हलकेच पुसा. नाण्यावरचा वाटलेला अर्धा मळ प्लॅस्टिकवरच असतो. मग चारही नावे आणि क्रमांक त्या वर्षाच्या यादीशी जुळवा. लेन्सच्या सांध्यावर भिंग फिरवा. कोपऱ्यात पांढरट ताण किंवा उचकटल्याची खूण दिसली तर पेटी उघडलेली आहे. चांगली नाणी दर्जासाठी काढून घेऊन त्या जागी डागाळलेली बसवण्याचा उद्योग चालतो. त्यानंतर दिवा एका बाजूला ठेवून लेन्स दोन्ही अक्षांत कलती करत प्रत्येक नाणे पाहा.

चार दोष शोधायचे. काळे किंवा तपकिरी ठिपके: टाचणीच्या टोकाएवढे असले तरी आरशासारख्या भागावर ते डोळ्यांत खुपतात आणि वाढत जातात. बोटाचे ठसे: ताजे असताना दिसत नाहीत, काही महिन्यांनी रेषांसकट तपकिरी उमटतात. धुरकट पापुद्रा: मोकळा भाग काळा न होता करडा दिसतो. आणि केसासारखे ओरखडे, म्हणजे कोणीतरी पुसल्याची खूण. पहिला किंवा चौथा दोष असेल तर संच परत करा. कडेला किंचित सोनेरी-लालसर छटा आली असेल आणि ती सर्वत्र सारखी असेल तर घाबरायचे कारण नाही. या धातूला ती येतेच.

लेन्समधून कडेवरची अक्षरे नीट वाचता येत नाहीत, ही या मालिकेची जुनी तक्रार. केवळ कड वाचण्यासाठी लेन्स फोडू नका. लेन्स शाबूत आहे, चारही नाणी आरशासारखी आहेत आणि संच त्या वर्षाचा आहे, एवढे पुरेसे. सुट्या नाण्याची मात्र कड वाचायची, वजन करायचे आणि व्यास मोजायचा.

पायरी ५ : सुटे नाणे कॅप्सूलमध्ये घालणे

बरोबर २६.५ मिलिमीटरची, कडक प्लॅस्टिकची कॅप्सूल घ्या. मोठ्या कॅप्सूलमध्ये नाणे खुळखुळते आणि दर खुळखुळीला कडेवरचे अक्षर घासते. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, टेबलावर कापड अंथरा आणि खुर्चीवर बसून काम करा. उभ्याने करू नका. नाणे अंगठा आणि तर्जनीत फक्त कडेने धरायचे, दर्शनी किंवा मागच्या भागाला बोट लावायचे नाही. नाणे उघडे असताना त्यावर वाकून बोलायचे नाही. थुंकीचा न दिसणारा शिंतोडा पडतो आणि तिथे सहा महिन्यांनी काळा ठिपका उगवतो. प्रूफवरचे कितीतरी ‘गूढ’ डाग असेच आलेले असतात. नाण्यावर धूळ असेल तर रबरी फुंकणीने उडवा, तोंडाने फुंकू नका. कॅप्सूलची दोन्ही झाकणे सरळ दाबून बसवा. फिरवून दाबली तर नाणे आत घसटते.

मऊ, लवचीक प्लॅस्टिकच्या स्वस्त पाकिटांना हात लावू नका. त्यांत पीव्हीसी असते. ते कालांतराने क्लोरीनयुक्त आम्ल सोडते आणि तांब्याच्या मिश्रणावर हिरवट, चिकट थर बसतो. पाकीट मऊ आहे आणि त्याला नव्या रेक्झिनसारखा वास येतो, तर ते पीव्हीसी समजा. सुरक्षित मायलरचे पाकीट कडक असते आणि चुरडले की कुरकुरते. हिरवा थर बसलाच असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये नाणे काही मिनिटे बुडवून, नव्या अ‍ॅसिटोनने धुऊन, न पुसता उभे करून वाळवता येते. काचेचे भांडे वापरा, खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळ गॅस पेटता नको. नखांचे पॉलिश काढायचे द्रव चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. याउपर काही करू नका. चिंच, लिंबू, राख, पितळ घासायची पावडर हे सगळे दिवाळीच्या आधी समई-तांब्यांसाठी. प्रूफवर एकदा फिरवले की आरसा गेला, आणि तो परत आणण्याचा उपाय नाही.

पायरी ६ : पावसाळा

कोरड्या हवेत ही नाणी वर्षानुवर्षे टिकतात. कोकणात, मुंबईत, गोव्यात जूनपासून हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते आणि टाकसाळीची लेन्स हवाबंद नसते. मूळ डबा नुसता कपाटात ठेवला तर दोन-तीन पावसाळ्यांत ठिपके दिसू लागतात. पुठ्ठा स्वतःही ओल धरतो.

उपाय साधा आहे. रबरी कड असलेला, घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा घ्या. पाच लिटरच्या डब्यात वार्षिक संच रचा आणि ५० ग्रॅम रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवा. आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. नारिंगी जेल हिरवे झाले किंवा निळे गुलाबी झाले की ते ओलाव्याने भरले. ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर तास-दोन तास तापवले की पुन्हा कामाचे. ज्या भांड्यात ते तापवाल ते जेवणासाठी वापरू नका. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असते, म्हणून निवड असेल तर नारिंगी घ्या. जेलची पुडी नाण्यांना किंवा लेन्सला टेकू देऊ नका, तिची बारीक पूड ओरखडे पाडते.

डब्यात रबरबँड, वर्तमानपत्र, डांबराच्या गोळ्या यांपैकी काही नको. रबरातल्या गंधकाने पिवळ्या धातूवर काळे पट्टे उमटतात. प्लायवूडचे नवे कपाटही टाळा. त्याच्या चिकटवणीतून निघणारी वाफ बंद जागेत साचते. स्टीलचे कपाट, बाहेरच्या भिंतीपासून दूर आणि स्वयंपाकघराला लागून नसलेले, ही चांगली जागा. बँकेच्या लॉकरला लोक सुरक्षित समजतात. चोरीपासून ते आहेच, पण तळघरातले लॉकर दमट असू शकते. तिथे ठेवायचे तर जेलसकट बंद डब्यात.

रिव्हर्स प्रूफकडे वळताना

नेहमीच्या ३९ नाण्यांनंतर बहुतेकांची नजर इकडे जाते. यात उलटे असते: मोकळा भाग दुधी आणि चेहरा आरशासारखा. २०१५ मध्ये टाकसाळीने चारही राष्ट्राध्यक्षांचे ‘कॉइन अँड क्रॉनिकल्स’ संच काढले. त्यांतली रिव्हर्स प्रूफ नाणी फिलाडेल्फियाची, म्हणजे कडेवर ‘पी’. कमाल मर्यादा ट्रूमन १७,०००, आयझेनहॉवर १७,०००, जॉन्सन २५,००० आणि केनेडी ५०,०००. ट्रूमनचा संच विक्री सुरू झाल्यावर काही मिनिटांतच संपला. २०१६ मध्ये रेगनचे नाणे मोठ्या मर्यादेसह आले आणि २०२० मध्ये बुशचे, दोन्ही ‘एस’ची. म्हणजे सहा. सगळे धरले तर ३९ आणि ६ मिळून ४५ नाणी झाली की प्रूफची बाजू पूर्ण.

या सहांत ट्रूमन आणि आयझेनहॉवरना खरी मागणी आहे, त्यामुळे काळजी इथेच घ्यायची. संचात नाण्याबरोबर पदक, टपाल तिकीट वगैरे असते आणि विक्रेते ते फोडून वेगवेगळे विकतात. जाहिरातीत ‘ट्रूमन क्रॉनिकल्स सेट’ लिहिलेले असते आणि आत नाणेच नसते, असे होऊ शकते. प्रत्येक वस्तूचा फोटो मागवा. सुटे नाणे घेत असाल तर ‘२०१५ ट्रूमन प्रूफ’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. नेहमीचे ‘एस’ प्रूफ त्याच नावाने मिळते आणि त्याची किंमत फारच कमी आहे. दुधी भाग कुठे आहे ते फोटोत बघा आणि कडेवरच्या ‘पी’चा फोटो मागा. स्लॅबवाले नाणे घेण्यात शहाणपण असेल तर ते या दोन नाण्यांपुरते. एनजीसी आणि पीसीजीएस या दोघांच्याही संकेतस्थळांवर स्लॅबचा क्रमांक टाकून पडताळता येतो. तिथला फोटो आणि हातातले नाणे यांतले ठिपके जुळतात का ते पाहा.

नोंदवही

प्रत्येक संचाची एक ओळ: वर्ष, राष्ट्राध्यक्ष, कुठून घेतला, तारीख, नाण्याची किंमत, डाक आणि शुल्क वेगळे, आणि घेताना दिसलेले दोष. संच आल्या दिवशी एका ठरावीक दिव्याखाली, ठरावीक कोनात दोन फोटो काढा. पुढच्या वर्षी त्याच दिव्याखाली पुन्हा काढले की कोणता ठिपका जुना आणि कोणता नवा ते कळते. आठवणीवर सोडले तर कळत नाही. तपासणी वर्षातून दोनदा पुरे: मेच्या अखेरीस, डबे बंद करून जेल बदलताना आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या मध्यात. नवा ठिपका आढळला तर तो संच बाकीच्यांतून वेगळ्या डब्यात काढा आणि आधीच्या डब्याची रबरी कड फाटली आहे का ते तपासा.